उसना डॅम्पर

अर्विन गॉल्ट पशुखाद्याच्या गिरणीत लॉरीवर होता. पोती तोच भरायचा आणि तोच उतरवायचा. अँट्रिमच्या डोंगरातल्या प्रत्येक गोठ्याची वाट त्याला पाठ होती, आणि प्रत्येक गोठ्यावर त्याला एकच प्रश्न विचारला जायचा, "ग्लेन कसा आहे?"

ग्लेन त्याचा धाकटा भाऊ. तो मोटरसायकलींच्या शर्यती जिंकायचा. अर्विनही त्याच शर्यतींत धावायचा. पहिले आठ-दहा जण निघून गेले, लोकांनी थर्मासचं झाकण उघडलं, की मग अर्विन यायचा. त्याचं कोणी काही विचारत नसे.

बाप नॉरिस. उभी हयात लिननच्या गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली, हात बंद पडले नाहीत. घरामागच्या शेडमध्ये दोन्ही भावांच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असत. ग्लेनच्या गाडीचा एकेक बोल्ट नॉरिसनं स्वतः आवळलेला. अर्विनच्या गाडीला त्यानं कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. वाटेत आली तर गुडघ्यानं बाजूला सारायचा.

"हरणाऱ्या गाडीवर गाळायला माझा घाम फुकटचा नाही," असं तो म्हणे. अर्विनच्या तोंडावर म्हणे, आणि लोकांसमोर म्हणे.

अर्विनला शर्यत जिंकायची नव्हती. आपल्याच्यानं ते होणार नाही हे त्याला केव्हाच कळलं होतं. त्याला एवढंच हवं होतं, की बापानं एकदा गुडघे टेकून त्याच्या गाडीपाशी बसावं, आणि ग्लेनला विचारतो तसं विचारावं, "हाताला कशी लागतेय?" चाळिशीला आलेला, दोन पोरींचा बाप असलेला माणूस एवढ्यासाठी दर उन्हाळ्यात कातडी पोशाख चढवून गावच्या रस्त्यावर जीव धोक्यात घालत होता. त्याची बायको हेझल हे ओळखून होती. ती बोलत नसे, पण शर्यतीच्या दिवशी ती भांडी आपटायची.

या शर्यती मोकळ्या मैदानात होत नाहीत. रोजचेच रस्ते असतात. दिवसभरासाठी रहदारी बंद करतात, विजेच्या खांबांना पेंढ्याचे भारे बांधतात आणि गाड्या सोडतात. दोन्ही बाजूंना दगडी बांध, झुडपांची कुंपणं, गोठ्यांची फाटकं. अर्विनच्या गावच्या शर्यतीत गिरणीच्या पुलावर रस्त्याला असा उंचवटा होता, की वेगात आलेली गाडी दोन्ही चाकांवर जमीन सोडायची. टेकताना पुढचं चाक केसभर जरी तिरकं असलं, तरी हँडल सरळ राहत नसे. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. अर्विनच्या हातात ते पकडलेल्या कोंबडीसारखं फडफडायचं. गेल्या खेपेला त्याचा एक अंगठा त्यात निखळला होता.

त्यावर उपाय म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर. वस्तू छोटी. तेल भरलेली नळी आणि तिच्यातून आत-बाहेर होणारा दांडा. नळी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बांधायची, दांडा पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला. हँडल सावकाश वळवलं तर तो वळू देतो, झटका बसला तर धरून ठेवतो. आपोआप बंद होणाऱ्या दाराला वरती जी नळी असते, तिचीच ही जातभाई.

अर्विननं त्या हिवाळ्यात डॅम्पर बसवायचं ठरवलं. दुकानदार त्याला हँडलवर बसणारा, चकतीसारखा, नवा प्रकार घे म्हणत होता. अर्विननं घेतला नाही. त्याच्या जुन्या गाडीला तो बसवायचा तर वरचा भाग कापावा लागला असता. त्यानं साधा नळीचाच निवडला. पण निवडण्याआधी घरी येऊन मापं घेतली. चेसिसवर दोन्ही बाजूंना लोखंडी ठोकळे असतात. हँडल पूर्ण वळलं की त्या ठोकळ्यांवर जाऊन थांबतं. अर्विननं हँडल एका ठोकळ्यापासून दुसऱ्या ठोकळ्यापर्यंत फिरवलं, दोरी लावून दांडा किती सरकेल ते पाहिलं, आणि दोन्ही टोकांना बोटभर दांडा शिल्लक राहील असा डॅम्पर घेतला. यात गफलत चालत नाही. हँडल थांबवायचं काम ठोकळ्याचं आहे. दांडा आधी संपला, तर सगळा झटका दांड्यावर येतो, आणि दांडा काही ठोकळा नव्हे.

दांडा फोर्कला धरून ठेवणारा दुकानातला क्लॅम्प त्याच्या गाडीला सैल पडला. त्यानं ॲल्युमिनियमचा गट्टू आणला आणि कानशीनं घासून क्लॅम्प केला. लॉरीवरून घरी आला की जेवायचा आणि घासत बसायचा. घास, लावून बघ, काढ, पुन्हा घास. बाहेर जास्त काढला तर दांडा अपुरा पडणार, म्हणून त्यानं तो फोर्कच्या आतल्या अंगाला, हँडल जिच्यावर फिरतं त्या मधल्या दांडीच्या जवळ बसेल असा केला. तळहाताची साल गेली. शेवटी क्लॅम्प असा बसला, की आत कागदही जाईना.

नॉरिस शेजारी ग्लेनच्या गाडीचं इंजिन उघडून बसलेला असायचा. एकदा त्यानं मान वळवली.

"काय घासतोयस?"

"डॅम्परचा क्लॅम्प, डॅडी."

"डॅम्पर? तुला?" नॉरिसनं पाना खाली ठेवला. "तुझं हँडल वेगानं हलत नाही रे पोरा. भीतीनं हलतं. त्याला दुकानात औषध मिळत नाही."

ग्लेन खोक्यावर बसून सोडा ब्रेड खात होता. तो एवढा हसला, की त्याला ठसका लागला.

"हसू नकोस," नॉरिस त्याला म्हणाला, "तुकडा अडकून मरशील, आणि मग मला याच्यासाठी इंजिन बांधावं लागेल."

अर्विन घासत राहिला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव असतो. सरावात वेळ नोंदवली तरच दुसऱ्या दिवशी धावायला मिळतं. गाड्या एका शेतकऱ्याच्या कुरणात उभ्या करतात. गाई दोन दिवसांपूर्वी हलवतात, शेण मात्र तसंच असतं. व्हॅनच्या रांगा, ताडपत्र्या, स्टोव्ह, आणि चर्चच्या हॉलमधून बायका ताटं भरभरून अंडं-कांद्याची सँडविचं आणतात.

सरावाआधी प्रत्येक गाडी तपासली जाते. तपासनीस वेस्ली बॉइड, नॉरिसच्या वयाचा, जाड भिंगांचा चष्मा. त्यानं अर्विनचं हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, उजवीकडे पूर्ण वळवलं. डॅम्परच्या दांड्यापाशी बोट घालून पाहिलं. पुन्हा वळवलं.

"कोणी बसवला?"

"मी."

"बापानं नाही?"

"नाही."

"फक्कड बसलाय," वेस्ली म्हणाला आणि त्यानं गाडीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली.

नॉरिस दोन गाड्यांपलीकडे उभा होता. "वेस्ली," त्यानं तिथूनच हाक दिली, "भिंगं बदल की आता! लोक गाय आणून उभी करतील, तिलाही चिठ्ठी लावशील."

रांगेतले लोक हसले. तरी अर्विन खुशीतच व्हॅनकडे परतला. ती चिठ्ठी त्यानं अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबून बसवली.

मग ग्लेनच्या डॅम्परनं तेल सोडलं. गाडी तपासून झाली होती, ग्लेन हेल्मेट घालत होता, आणि नळीखाली काळा ओघळ दिसला. दांडा हातानं ढकलला तर अगदी सैल. नॉरिसनं ग्लेनचा सुट्या भागांचा डबा उपसला. सगळं होतं, डॅम्पर नव्हता. सरावाची पहिली फेरी वेगवान गाड्यांची, म्हणजे ग्लेनची होती; अर्विनची मागून.

नॉरिस पाना घेऊन सरळ अर्विनच्या गाडीपाशी आला.

"तुझा डॅम्पर दे."

आता त्या कुरणातली एक रीत सांगायला हवी. उसनं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. उद्या जो तुम्हाला हरवणार आहे, त्यानं क्लच मागितला तरी द्यायचा. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, म्हणून ती मोडायची हिंमत कोणाला होत नसे. आणि तिचा दुसरा अर्धाही तेवढाच कडक. एकदा दिलं, की ती वस्तू आपली नाही. घेणारा ती कशी बसवतो ते त्याच्या डोक्यावर उभं राहून बघायचं नाही. जो बघत उभा राहतो, तो चिक्कू. त्याला पुढं कोणी साधा पानाही देत नाही.

"घ्या," अर्विन म्हणाला. "मी काढून देतो."

"राहू दे. बोल्टची डोकी खाशील."

आणि नॉरिस गुडघे टेकून अर्विनच्या गाडीपाशी बसला. कडेचं गवत त्याच्या गुडघ्याखाली चिरडलं. त्याचे ते मोठे, तेलानं कायमचे काळे झालेले हात अर्विनच्या गाडीवर आले. किती सफाई! एकही हालचाल वाया नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाप त्याच्या गाडीला पाना लावत होता, आणि तो भाग काढायला.

नळी सुटी झाली. अर्विननं क्लॅम्पकडे बोट केलं. "हाही न्या. दांड्याला याच्यापुरतंच..."

"तो घासलेला तुकडा तुलाच राहू दे," नॉरिस उठत म्हणाला. "शेळीच्या गळ्यात घंटा बांध त्यानं."

त्यानं नळी नेली आणि ग्लेनच्या गाडीवर आधीच असलेल्या क्लॅम्पला जोडली. तो क्लॅम्प फोर्कच्या बाहेरच्या अंगाला होता. जेवढं बाहेर, तेवढा दांडा जास्त सरकणार. ग्लेनच्या जुन्या डॅम्परचा दांडा लांब होता, त्याला ते चालत होतं. अर्विनचा आखूड होता. हे अर्विनला दुरूनसुद्धा दिसलं. त्यानं ते माप सबंध हिवाळा हातात धरलं होतं.

तो काही वेळ स्वतःच्या व्हॅनपाशी थांबला. मग रीत मोडून तिकडे गेला. नॉरिस बोल्ट आवळून हँडल फिरवून बघत होता. उजवीकडे नीट गेलं. डावीकडे घाईत अर्धंच फिरवलं, इंजिन सुरू करायला ग्लेन ओरडत होता.

"डॅडी," अर्विन म्हणाला, "डावीकडे पूर्ण वळवा. दांडा आधी संपतोय. हँडल ठोकळ्याला पोचत नाही."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. नॉरिस सावकाश वळला.

"दिलास ना?"

"दिला."

"मग इथं का उभा आहेस? व्याज घ्यायला आलास?"

हशा पिकला. ट्रेवर मॅकी नावाचा एक लठ्ठ स्पर्धक होता, तो म्हणाला, "पावती दे रे त्याला, नॉरिस, झोप लागायची नाही त्याला."

"मी बसवलेला डॅम्पर तू मला शिकवणार?" नॉरिस म्हणाला. "तू? अरे, तू जिथं ब्रेक दाबतोस तिथं ग्लेन गिअर टाकतो."

"जा रे म्हाताऱ्या," ग्लेन हेल्मेटमधून अर्विनला म्हणाला; थोरल्या भावाला तो असंच म्हणायचा. "तुझी लॉरी बघ कोणी नेली का."

अर्विन गेला.

भाग बदलला तर गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते. नॉरिस ती ढकलत वेस्लीसमोरून नेऊ लागला, तेव्हा वेस्लीनं विचारलं, "काही बदललंस का?"

"उसना डॅम्पर."

"तू बसवलायस ना?"

"नाही, आमच्या पाद्र्यानं बसवला."

वेस्ली हसला आणि त्यानं हात हलवून गाडी सोडली. गॉल्टच्या हाताखालून आलेली गाडी तपासायची म्हणजे त्याचा अपमान करायचा. तसं त्या कुरणात कोणी केलं नसतं.

अर्विन उपड्या क्रेटवर चहा घेऊन बसला. तो पुन्हा एकदा जाऊ शकत होता. वेस्लीकडे जाऊ शकत होता. गाडी अजून रस्त्यावर सोडायच्या दोराच्या अलीकडे होती. पण सांगायचं ते एकदाच, अशा घरात तो वाढला होता. दोनदा सांगतो तो भीक मागतो. आणि त्या हशानंतर त्याच्या छातीत काहीतरी दगडासारखं बसलं होतं. अडकू दे, असं त्याच्या मनात आलं. अडकू दे, म्हणजे कळेल. मनात तेवढेच शब्द आले. पुढचं चित्र त्यानं पाहिलं नाही.

ग्लेनच्या इंजिनाचा आवाज कुरणातल्या प्रत्येकाला ओळखू यायचा. तो गावाकडून चढला, चर्चमागून गेला, गिरणीच्या उतारावर उंच होत गेला. पुलावर चाकं सुटली की आवाज क्षणभर किंचाळतो, मग पुन्हा खाली येतो. या वेळी किंचाळला आणि खाली आला नाही. थांबला.

कुरणातल्या एका स्टोव्हवर कोणाची तरी केटली तेवढी शिट्टी घालत राहिली.

पुढचं चाक तिरकं टेकलं होतं. हँडल डावीकडे झटक्यानं गेलं. दांडा संपला, वाकला, नळीत रुतून बसला, आणि हँडल तसंच तिरकं अडकलं. ग्लेननं ते ओढलं असेल, पण त्या वेगात ओढून काय होतं? बांध आणि फाटकाचा दगडी खांब यांच्यामध्ये गाडी गेली. गाडी पलीकडे निघाली. ग्लेनचा डावा पाय खांबापाशी राहिल्यासारखाच होता. डॉक्टरांनी दोन दिवस धीर धरला आणि मग तो गुडघ्याखाली कापला.

अर्विनचा सराव झालाच नाही. त्या दिवशी पुढं कोणीच धावलं नाही.

इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात नॉरिस भिंतीला टेकून उभा होता. अर्विन आला तेव्हा तो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तुझा डॅम्पर होता."

एवढंच. पण तेवढ्यानं पुरलं. तेच वाक्य तो कुरणात बोलला, चर्चच्या दारात बोलला, वाण्याच्या दुकानात बोलला. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. डॅम्पर अर्विनचाच होता. महिन्याभरात सगळ्या खोऱ्याला माहीत झालं, की थोरल्यानं धाकट्याला काहीतरी भंगार दिलं. ट्रेवर मॅकी तर म्हणे, "चुकून दिलं की मुद्दाम, देव जाणे. बाप कोणाला जास्त मानतो ते त्याला दिसतच होतं." ज्यांनी अर्विनला त्या दिवशी बोलताना ऐकलं होतं, त्यांना ते आता आठवेना. आठवलं असतं, तर आपण हसलो होतो हेही आठवलं असतं.

गोठ्यांवर प्रश्न तोच राहिला, "ग्लेन कसा आहे?" पण विचारणारा आता डोळ्यांत बघायचा. एक म्हातारा शेतकरी पोती उतरवून घेताना प्रत्येक पोत्याची शिवण ओढून पाहू लागला. अर्विननं विचारलं, काय झालं?

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "गॉल्टांकडून आलेली वस्तू. बघून घेतलेली बरी."

हेझलला हे सहन झालं नाही. "तू सांगितलं होतंस ना त्यांना? तोंड आहे की नाही तुला? सांग लोकांना!"

"एकदा सांगितलं."

"मग पुन्हा सांग!"

"पुन्हा सांगायचं होतं ते तिथं," अर्विन म्हणाला आणि लॉरी धुवायला निघून गेला.

ग्लेनला भेटायला तो दर रविवारी जायचा. ग्लेन बहुतेक भिंतीकडे तोंड करून असायचा. एकदा मात्र त्यानं मान फिरवली.

"तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं."

अर्विननं खुर्ची जवळ ओढली.

"दांडा संपतोय म्हणालास. मला बरोबर आठवतंय. डॅडीला मी अजून काही बोललो नाही. बोलून पाय उगवणार आहे का? पण एक सांग म्हाताऱ्या, एकदाच का सांगितलंस?"

"तू हसलास म्हणून."

ग्लेननं चादर कापलेल्या पायावर ओढली. "चांगलं हसू होतं मग," तो म्हणाला. "महाग पडलं."

त्यानंतरही अर्विन जात राहिला. दोघं हवामानाबद्दल बोलायचे.

वसंतात एका शनिवारी नॉरिसची व्हॅन अर्विनच्या दारात येऊन थांबली. मागचं दार उघडलं, तर आत ग्लेनची गाडी. सरळ केलेली, रंगवलेली, नवा फोर्क. जिल्ह्यात तिच्याहून वेगवान गाडी नव्हती. आणि नवा डॅम्पर, लांब दांड्याचा, क्लॅम्प आतल्या अंगाला, मधल्या दांडीजवळ. म्हातारा शिकला होता, पण बोलायचा नाही.

"या वर्षापासून तू," नॉरिस म्हणाला. "चढ."

माफी नाही, विचारणं नाही. एक घोडा लंगडा झाला म्हणून गाडीला दुसरा जुंपायचा, इतकाच मामला.

हेझल खिडकीतून ओरडली, "त्या गाडीवर बसलास तर घरात येऊ नकोस!"

अर्विन चढला.

मग ते सुरू झालं, ज्याची त्यानं जन्मभर वाट पाहिली होती. नॉरिस गुडघे टेकून बसे आणि पाय टेकवायचे खुंट अर्विनच्या लांब पायांच्या मापानं मागे सरकवी. लिव्हर त्याच्या बोटांच्या मापानं वळवी. डॅम्परचा पेच एक खटका आवळी, वर बघे आणि विचारी, "हाताला कसं लागतंय?"

"बरं लागतंय, डॅडी."

"घट्ट? सैल?"

"बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे काय? नीट सांग. मला तुझ्या हातात शिरता येत नाही."

म्हातारा पाठ धरून उठायचा, पुन्हा बसायचा. एवढे कष्ट त्यानं ग्लेनसाठीही घेतले नसतील. अर्विन वरून त्याच्या टकलाकडे पाही. आपल्याला आनंद का होत नाही, याचा त्यानं शोध घेतला. आनंद कुठंच सापडला नाही. तिथं तो दगडच होता.

शर्यतीच्या दिवशी नॉरिस गिरणीच्या चढाच्या तोंडाशी, बांधाला टेकून, कितवा नंबर ते दाखवायची पाटी हातात घेऊन उभा राहिला. शेजारी घडीच्या खुर्चीवर ग्लेन, लाकडी पाय पुढं पसरून. सगळं खोरं बांधावर होतं. गॉल्टची गाडी पुन्हा उतरली होती.

झेंडा पडला. मागच्या वळणांवर, जिथं कोणी बघत नव्हतं, तिथं अर्विननं हँडलची वेगाची मूठ पिळली. गाडी अशी निघाली, की त्याला वाटलं आपलं डोकं मागेच राहिलं. तीन जणांना त्यानं सहज टाकलं. पुलावर ती उडाली, टेकली, आणि हँडल जागचं हललं नाही. आयुष्यात इतकं नीट काही त्याच्या हाती लागलं नव्हतं. या गाडीवर तो चौथा-पाचवा येऊ शकत होता, हे त्याला पहिल्याच फेरीत कळलं.

मग चढाचं तोंड आलं. बांधावर बाप दिसला, पाटी उंच धरलेला, पुढं झुकलेला, तोंड किंचित उघडं. अर्विननं मूठ सैल सोडली. गाडी घुरघुरत मंदावली. टाकलेले तिघे त्याला ओलांडून गेले, मग आणखी एक, मग ट्रेवर मॅकीसुद्धा आपल्या पोटासकट गेला. अर्विन ताठ बसला आणि बाजाराला निघाल्यासारखा बापासमोरून गेला.

प्रत्येक फेरीत त्यानं तेच केलं. जिथं नॉरिस दिसे, तिथं मूठ सैल. शेवटच्या फेरीला बांधावरचे लोक उघड हसत होते. "नॉरिस, पेट्रोलऐवजी ताक भरलंस का?" कोणीतरी ओरडलं. अर्विन सर्वांत शेवटी आला.

कुरणात नॉरिसनं गाडी धरली, अर्विनला उतरायचीही उसंत न देता.

"काय होतं? इंजिन दबतंय?"

"नाही. इंजिन उत्तम आहे."

"हँडल?"

"दगडासारखं. डॅम्पर फार छान बसवलात, डॅडी."

"मग काय? काहीतरी आहे. मला ऐकू आलं. चढाशी आवाज पडत होता."

"मला काही जाणवलं नाही," अर्विन म्हणाला आणि सँडविच घ्यायला गेला.

ग्लेन काठीवर रेलून त्याच्या मागं आला. "मी बांधावर होतो, म्हाताऱ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "मूठ सोडलेली मला कळते." आणि तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. बापाला मात्र तो काही बोलला नाही. त्याच्याकडेही त्याची कारणं होती.

त्या हिवाळ्यात नॉरिसनं सबंध इंजिन उतरवलं. काही सापडलं नाही. पुन्हा बांधलं. पुढच्या उन्हाळ्यात अर्विन तिच्यावर शेवटून दुसरा आला. नॉरिसनं कार्ब्युरेटर बदलले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अर्विन शेवटचा आला. नॉरिसनं चेसिस मापून पाहिली, ती सुताइतकीही वाकडी नव्हती. लोक त्याला आता विचारायचे, "सापडलं का रे, नॉरिस?" जिल्ह्यातल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या बंद झाल्या. गॉल्टचा हात गेला, असं म्हणू लागले. तो रात्रंदिवस त्या गाडीशी बोलायचा. हेझलनं एकदा अर्विनला विचारलं, मुद्दाम करतोस का? अर्विन म्हणाला, "माझा वेगच तेवढा. डॅडींनाच विचार, तेच सांगत आलेत." हेझलनं भांडी आपटणं सोडून दिलं. तिला त्याची भीती वाटू लागली.

शेवटी नॉरिसचे गुडघे गेले. हाताला कंप सुटला. डॉक्टरनं शेडमध्ये जायची बंदी केली, आणि म्हातारा चुलीपाशी खुर्चीत बसून राहू लागला. मुलांनी गाडी विकून टाकावी, असं तो स्वतःच म्हणाला. आपल्याला ती समजली नाही, हेही म्हणाला. ते म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो इतका हलका दिसला, की खोलीतल्या कोणालाही वाटलं असतं, सुटला बिचारा.

अर्विन उठला. मागच्या दारानं शेडमध्ये गेला, गाडी ढकलत आणली आणि चुलीच्या खोलीच्या दारातच उभी केली.

"विकू या की," तो म्हणाला. "पण परवा जरा फिरवून आणली, तर पुढच्या अंगाला काहीतरी हलतंय. डॅम्परपाशी. बारीक आहे. तुमच्याशिवाय कोणाला सापडायचं नाही."

पुढच्या अंगाला काहीही हलत नव्हतं.

नॉरिसनं चष्मा चाचपला. खुर्चीचे हात धरले. दोनदा प्रयत्न करून तो उठला, भिंत धरत दारापर्यंत आला, आणि एक हात टाकीवर ठेवून, तोंडातून आवाज काढत, एकेक गुडघा फरशीवर टेकला.

"पाना दे," तो म्हणाला.

अर्विननं पाना दिला आणि तो तिथंच उभा राहून बघत राहिला.